आरशाची टिकली

समुद्रपुरात सकाळी सहालाच कुसुमबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाला आली नव्हती एवढी माणसं त्यांच्या मुलाच्या, नीरजच्या जुन्या गाडीभोवती जमली होती. आत ड्रायव्हरच्या सीटवर, मांडी मावत नसतानाही मांडी घालून, चुंबक महाराज बसले होते. त्यांनी मुठीतला अंगारा समोरच्या काचेला फासला, गळून पडलेला, मागचं बघायचा आरसा त्यावर टेकवला, मंत्र पुटपुटत दाबून धरला आणि हात सोडला. आरसा जागच्या जागी राहिला.

"माय वं! ना खिळा, ना दोरी!" शेजारच्या विमलाबाई ओरडल्या.

कुसुमबाईंनी हात जोडले. हे हात त्यांनी त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा जोडले होते, कारण आरसा तिसऱ्यांदा चिकटला होता. मधल्या वेळात तो दोनदा पडला, याबद्दल भक्तांनी बोलायचं नसतं.

सगळ्यात पहिल्यांदा तो पडला नव्या सुनेच्या, सरिताच्या मांडीवर. अक्षय्य तृतीयेला लग्न झालं आणि पवनारच्या माहेराहून पहिल्यांदा परत येताना, भर दुपारी, हा प्रकार घडला. आरसा पडणं वाईटच, त्यात नव्या नवरीच्या मांडीवर. कुसुमबाईंनी निरोप धाडला आणि दुसऱ्याच दिवशी महाराज आले.

"आरसा मागचं दाखवते, माय," महाराजांनी निदान केलं होतं. "मागच्या सीटवर जे बसलं हाय, ते त्याले पाहवत नाई. म्हणून तो उडी घेते. पोरीच्या मागं माहेरून आलं हाय कोणीतरी!"

मग दर खेपेला महाराजांनी आरशाला एकेक संरक्षण लटकवलं. आधी लिंबू-मिरची, मग तांब्याचं यंत्र, मग मुठीएवढी पितळी घंटा. शिवाय गाडीचं तोंड सूर्यनारायणाकडे ठेवायचं, सावलीत लावायची नाही. तरी आरसा दर वेळी आधीपेक्षा लवकर पडे. बाधा भारी आहे, महाराज म्हणत. भारी होत होता तो आरसा, पण हे कुसुमबाईंना सांगणार कोण?

आज महाराजांनी शेवटचा उपाय सांगितला. "आज आरसा पडला, त पोरीले माहेरी पोचवून द्या. दोन साल आनू नका. नाई त पोराच्या जिवावर हाय."

नीरजनं मान खाली घातली. कुसुमबाईंना रडू आलं. गेल्या वीस दिवसांत या पोरीनं न सांगता रोज त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळलं होतं. पोटच्या पोराला ते कधी सुचलं नव्हतं. पण पोराचा जीव म्हटल्यावर आई काय करणार? त्या आत गेल्या आणि सरिताची बॅग खाली काढली.

सरिता भिंतीवरच्या आरशाकडे बघत उभी होती. त्याच्या काठावर कुसुमबाईंच्या टिकल्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या.

"आई, तुमची टिकली दुपारी काऊन पडते?"

"उन्हानं. घामानं गोंद ढिला पडते."

"मंग तवा कोणाले माहेरी धाडता?"

"काहीतरीच नोको बोलू," कुसुमबाई म्हणाल्या, पण बॅग भरता भरता थांबल्या.

"बरं, एक करा. महाराजांले जेवल्याबिगर जाऊ देऊ नका."

महाराज नेहमी नवाच्या आत निघत. पण आमरस आहे म्हटल्यावर त्यांचंही वैराग्य ढिलं पडलं. ते आत पाटावर बसताच सरितानं नीरजला आपली गाडी कडुनिंबाखाली लावायला सांगितलं. तिथे महाराजांची गाडी होती, ती अंगणात आणायची होती, सूर्यनारायणाकडे तोंड करून.

"उन्हात नोको, वहिनी," महाराजांचा ड्रायव्हर नत्थू गडबडला.

"काऊन? महाराजांच्या गाडीले कशाची बाधा?"

सगळं गाव ऐकत होतं. नत्थूनं मुकाट्यानं गाडी काढली.

चार वाट्या आमरस रिचवून महाराज कूलरपुढे घोरू लागले. लोक निंबाखालच्या आरशावर डोळे लावून बसले. कुसुमबाई पायरीवर बसल्या होत्या. एक वाजला. दीड वाजला. घंटासुद्धा हलली नाही.

तेवढ्यात धप्प आवाज झाला, पण तो अंगणातून. महाराजांच्या गाडीतला आरसा, सात ताईत आणि एका शंखासकट, खाली आला होता.

"काय वो महाराज," विमलाबाईंनी दारातून हाक दिली, "तुमच्या मागं कोण बसलं हाय?"

महाराज दचकून उठले. नत्थू मात्र सवयीनं धावला, त्यानं अंगाऱ्याच्या पिशवीत हात घातला आणि गमची नळी काढली.

"दर उन्हाळ्यातच पडते न बाप्पा हा! म्हणून त सावलीत लावतो," तो म्हणाला आणि मग जीभ चावली.

महाराजांनी चपला न घालता गाडीत उडी घेतली. ती उडी मात्र कशामुळे, हे सगळ्यांना कळलं.

"काचेवर लोखंडाची एक टिकली चिकटवतात, आरसा तिच्यावर अडकवतात," सरितानं लोकांना दाखवलं. "बंद गाडी उन्हात तापली का गोंद ढिला पडते. अन् हा अंगाऱ्याखालचा गम झटकन धरते, पर उन्हात तडकते. वरून ही घंटा!"

ऊन उतरल्यावर नीरजनं हिंगणघाटहून आरशाचा खास गम आणला. सरितानं काचेवर बाहेरून खूण केली, ब्लेडनं जुना गम खरवडला, जागा स्पिरिटनं पुसली आणि नुसती टिकली चिकटवून रात्रभर राहू दिली. आरसा सकाळी अडकवला. घंटा कुसुमबाईंनी बैलाच्या गळ्यात बांधली, तिथे ती शोभली. पुढचे पंधरा दिवस ऊन आग ओकत होतं, आरसा हलला नाही.

बाबांनो, काही पडलं, तर ते आजवर कशानं टिकलं होतं, हे आधी विचारा. कोणाच्या पायगुणानं पडलं, हे कधीच विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी घरातल्या सगळ्यात गरीब गायीकडे बोट दाखवतं.

परवा विमलाबाई बसायला आल्या असताना कुसुमबाईंची टिकली घसरून मांडीवर पडली.

"माय वं! सवाष्णीची टिकली पडली! शकुन चांगला नाई!"

"काय घाबरून राह्यली?" कुसुमबाई म्हणाल्या. "माहा माणूस तिकडे वावरात धडधाकट वांगी तोडून राह्यला. ऊन हाय." आणि त्यांनी आत हाक दिली, "सरिता, टिकलीचं पाकीट आणजो वं!"