न मोजलेल्या नोंदी

त्या सकाळी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रपाळी संपूनही कोणी घरी गेलं नव्हतं, गाड्यांचे चालक दारात दाटीवाटीने उभे होते आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला चिकटले होते. पडद्यावर एक काटा होता. मदत मागणाऱ्याचा पत्ता संगणकात भरला की जवळची गाडी शोधायला सरासरी किती वेळ लागतो, ते तो दाखवी. कित्येक महिने तो अकरा सेकंदांवर ठाण मांडून बसला होता.

लहरीबुवांनी सर्व्हरच्या कपाटावर तांब्याच्या तारा गुंडाळलेली पेटी ठेवली. हे नाव चालकांनी पाडलेलं. त्यांच्या कार्डावर ‘यंत्रस्पंदन मार्गदर्शक’ असं भारदस्त काहीतरी छापलेलं होतं. त्यांचा सहायक लॅपटॉप जोडून ‘आतली शुद्धी’ करत होता.

“यंत्राला मन नसतं असं कोण म्हणतं?” बुवा डोळे मिटून म्हणाले. “तुम्ही दिवसभर त्याच्यासमोर कुरकुरता. ते ऐकतं, साठवतं, जड होतं. तो जडपणा मी आता ओढून घेतोय.” आणि त्यांनी स्वतःचा खांदा चोळला, जणू जडपणा तिथे येऊन बसलाच होता.

काटा हलला. अकरावरून आठ, आठवरून पाच, मग दोनवर येऊन थांबला. कक्षप्रमुखांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“ज्याच्या मनात शंका असेल,” जाता जाता बुवांनी बजावलं, “त्याच्या बोटांखाली मात्र ते अडेल. दोष यंत्राला देऊ नका.”

ही सगळी हकीगत मापाडीला तिच्या थोरल्या बहिणीने फोनवर सांगितली होती. संगणक कुठे आणि का रखडतो हे मोजून शोधणं हा धाकटीचा धंदा, म्हणून घरात तिला सगळे मापाडी म्हणत. त्या कक्षातच फोन घेणारी ताई तेव्हा इतकी खुशीत होती, की मापाडीने हसून विषय सोडून दिला.

काही आठवड्यांनी ती ताईकडे गेली, तर ताई समोरच्या ताटाला हात लावत नव्हती.

“साहेब म्हणाले, यंत्र सुसाट झालंय, तरी तुमच्या गाड्या उशिरा निघतात. म्हणजे तुमचे हात मंद.” ताई भिंतीकडे बघत बोलत होती. “मी खूप प्रयत्न करते गं विश्वास ठेवायचा. पण पत्ता भरला की पडदा पांढरा होतो आणि ‘पुन्हा भरा’ म्हणतो. परवा एका बाईचा फोन होता, नवऱ्याच्या छातीत कळ आलेली. मी पुन्हा पुन्हा भरत राहिले. गाडी पोचली तेव्हा तो गेला होता. माझ्या मनातल्या शंकेने गेला तो.”

मापाडीने हातातला घास ताटात ठेवला.

“ताई, हे ‘पुन्हा भरा’ आधी यायचं?”

“नाही. आधी रेंगाळायचं, पण गाडी मिळायची.”

“उद्या मी येते तिकडे.”

“नको. त्यांना वाटेल मी चुगली केली. आणि तू सगळ्यातच खोट काढतेस.”

“खोट निघाली नाही तर तुझ्या बुवांना मी स्वतः हात जोडेन.”

कक्षप्रमुखांनी नाराजीनेच परवानगी दिली. “काटा समोर आहे, आणखी काय मोजणार?” त्यांनी विचारलं. मापाडीने काट्याकडे पाठ केली आणि घड्याळ घेऊन ताईशेजारी बसली. पहिल्यांदा पत्ता भरल्यापासून खरोखर गाडी मिळेपर्यंतचा वेळ ती मोजत गेली, मधले सगळे ‘पुन्हा भरा’ धरून. पडदा दोन सेकंद सांगत होता. तिच्या घड्याळात वीस, तीस, कधी त्याहून जास्त येत होते. शेजारच्या टेबलांवरही तेच. ताईचे हात मंद नव्हते.

कक्षाच्या तंत्रज्ञाला घेऊन तिने संगणकाच्या सेटिंग्ज उघडल्या. तीन सेकंदांत गाडी सापडली नाही तर नोंद फेकून द्यावी आणि ‘पुन्हा भरा’ म्हणावं, अशी मर्यादा तिथे घातलेली होती. ती घातल्याची वेळ चमत्काराच्या सकाळची होती.

“फेकलेल्या नोंदी काटा मोजतो का?”

“नाही,” तंत्रज्ञ हळूच म्हणाला. “तो फक्त पूर्ण झालेल्या मोजतो.”

“आधी ही मर्यादा काढा. वाद नंतर घालू.”

काटा पुन्हा अकरावर चढला. लोकांचे चेहरे पडले, पण ‘पुन्हा भरा’ थांबलं.

मग बुवांना बोलावलं. नवशिक्यांच्या सरावासाठी वेगळा संगणकसंच होता, त्यात सरावाचे पत्ते सतत भरले जात, त्यालाही तसाच काटा. मापाडीने पेटी त्यावर ठेवायला दिली.

“उतरवा काटा. फक्त तुमच्या सहायकाने लॅपटॉपला हात लावायचा नाही.”

बुवांनी डोळे मिटले, खांदा चोळला. काटा ढिम्म.

“या खोलीत शंकेचं प्रमाण फार आहे,” ते म्हणाले.

“माझी शंका तर चिक्कार आहे. तरी बघा.” मापाडीने मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणली. काटा झपकन तळाला गेला. “बुवांपेक्षा मी मोठी झाले. आता एवढ्या नोंदींपैकी गाडी किती जणांना मिळाली, ते विचारा.”

तंत्रज्ञाने पाहिलं. जवळजवळ कोणालाच नाही.

“अत्यवस्थ रोग्यांना दारातूनच परत पाठवायचं आणि आमच्याकडे कोणी दगावत नाही म्हणायचं, तसं आहे हे,” ती म्हणाली. चालकांनी तोवर पेटी उघडली होती. आत वाळू आणि एक लुकलुकणारा दिवा निघाला. बुवा आणि सहायक कधी बाहेर सटकले, कोणी पाहिलं नाही.

जुन्या नोंदींचा ढीग प्रत्येक वेळी उपसला जातो म्हणून खरा वेळ लागत होता. ते दुरुस्त करायला मेहनत होती, चमत्कार नव्हता. कक्षप्रमुखांनी सगळ्यांसमोर ताईची माफी मागितली. ती फक्त मान हलवून जिन्यात जाऊन बसली.

“तो माणूस,” तिने मागोमाग आलेल्या मापाडीला विचारलं, “मर्यादा नसती तर वाचला असता?”

हो म्हणणं सोपं होतं, नाही म्हणणं त्याहून सोपं. “माहीत नाही, ताई,” मापाडी म्हणाली. “पण तुझ्या शंकेने तो गेला नाही. शंका आधी बोलली असतीस तर कदाचित उपयोगच झाला असता.”

ताई बराच वेळ रडली. मापाडीने तिला रडू दिलं.

पुढच्या आठवड्यात बातमी आली, की लहरीबुवा पेटी घेऊन दुसऱ्या शहराच्या अग्निशमन केंद्रात पोचलेत आणि तिथलाही काटा उतरलाय. मापाडी काही करण्याआधीच ताईने तिथला नंबर मिळवला. पलीकडचा माणूस उत्साहाने चमत्कार सांगू लागला. ताईने त्याला पूर्ण बोलू दिलं.

“दादा, मीही टाळ्या वाजवल्या होत्या,” ती मग म्हणाली. “शंका घेतलीत तर तुमचं यंत्र अडणार नाही. काटा खाली आला ना, मग एवढंच विचारा, की त्यात कोणाला मोजलेलं नाही. आणि हे आत्ताच विचारा, पुढचा फोन यायच्या आत.”