आवाज दिल्याशिवाय

मरियमचा, माझ्या धाकट्या लेकीचा, निकाह रत्नागिरीत लावून मी दोह्याला परतलो, ते २०१८ साल. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका व्हिलात ड्रायव्हर म्हणून लागलो. मालकीणबाईंना मी मॅडम म्हणायचो; त्यांचे वडील एमरिस साहेब तिथेच राहत. वय शहाऐंशी. तरुणपणी ते वेल्सकडून रग्बी खेळत. सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहतो तो गडी, फुलबॅक. वरून येणारा बॉल झेलायचा, हे त्याचं काम.

सहा वर्षं ते खेळले. शेवटच्या सामन्यात बॉल उंच गेला. झेलणाऱ्याने 'माझा' असा आवाज द्यायचा असतो. साहेबांनी दिला नाही. म्हणून संघातला दुसराही धावला, दोघे एकमेकांवर आदळले, बॉल पडला आणि वेल्स हरलं. पुन्हा त्यांना बोलावणं आलं नाही. मॅडमनी हे मला एकदा गाडीत सांगितलं.

आता साहेबांना मुलीचं नावही आठवत नसे. पण दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, ते अंगणात येत आणि वरून जाणाऱ्या विमानांकडे हात पसरून उभे राहत. मला बघवेना. मी एक बॉल आणला.

आमच्या गावी पावसाआधी घर शाकारताना खालचा माणूस कौल वर फेकतो, छपरावरचा झेलतो. वरच्याने 'सोड' म्हटल्याशिवाय खालचा कौल सोडत नाही. तेच मी साहेबांना शिकवलं. तेवढा एक मराठी शब्द त्यांच्या तोंडी बसला.

"सोड."

मी टाकायचो. ते छातीशी धरायचे.

"बॉल टाकतोस की कोंबडी उडवतोस?" साहेब इंग्रजीत विचारायचे.

"कोंबडी असती तर रात्री रस्सा झाला असता, साहेब."

"पडले तर तू जबाबदार," मॅडम खिडकीतून म्हणायच्या. पण थांबवायच्या नाहीत.

पुढच्या मार्चच्या सुरुवातीला एका संध्याकाळी साहेबांनी हात पसरले आणि गप्पच राहिले. मी थांबलो.

"सोड म्हणा, साहेब."

ओठ हलले. शब्द येईना. हात मात्र ते खाली घेईनात. मी बॉल धरून तसाच उभा. मगरिबची अजान झाली. तेव्हा मॅडम बाहेर आल्या.

"सोड, दिलावर," त्या म्हणाल्या.

मी टाकला. बॉल साहेबांच्या छातीवर लागला आणि फरशीवरून गेटकडे गेला.

साहेब आपल्या हातांकडे बघत राहिले. "माझा होता तो."

"हो, डॅडी. तुमचाच होता."

"मग मी आवाज का नाही दिला?"

मॅडमनी त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना आत नेलं. त्यानंतर ते अंगणात आले नाहीत.

एमरिस साहेब १४ मार्च २०१९ रोजी, गुरुवारी सकाळी, झोपेतच वारले.