दुसरी खूण

सिस्टरांनी मुलीचं उजवं कोपर उलटंसुलटं करून पाहिलं, मग डावं, मग दोन्ही गुडघे, आणि शेवटी वैतागून पेन कानावर अडकवलं.

“काहीच नाही गं. एवढी घोडी झालीस, कधी पडली नाहीस?”

“नाही,” मुलीच्या आधी बापानेच उत्तर दिलं. “अठरा वर्षांत एक ओरखडा नाही.”

हे वाक्य त्याने आजवर सगळ्या नातेवाइकांना आणि निम्म्या कचेरीला ऐकवलं होतं, आणि दर वेळी त्याची छाती दोन इंच फुगली होती. आज पहिल्यांदाच समोरच्या बाईने कपाळाला हात लावला.

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नव्या विद्यार्थ्यांची तपासणी चालली होती. वजन, उंची, डोळे, दात, लशींचे दाखले, सगळ्यांतून मुलगी पार पडली होती. घोडं अडलं ते फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात. ‘शरीरावरील ओळखीच्या कायमस्वरूपी खुणा (दोन)’. पहिली सापडली, मनगटावरचा तीळ. दुसरी सापडेना. एक वाजता खिडकी बंद होणार होती, आणि फॉर्म अपुरा राहिला तर वसतिगृहातली खोली प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला जाणार होती. ती पहिली मुलगी गादीची वळकटी घेऊनच बाकावर येऊन बसली होती. तिचा आशावाद बापाला मुळीच आवडला नव्हता.

बाप सरकारी लिफ्ट तपासनीस होता. दोर, ब्रेक, दरवाजे तपासता तपासता त्याला सगळं जगच कधीही कोसळेल असं वाटू लागलं होतं. खुर्चीवर बसण्याआधी तो ती दोनदा हलवून पाही. घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना त्याने स्वतः रबर चिकटवलं होतं. मुलीच्या हातात सुरी आली ती सोळाव्या वर्षी, तीही धार नसलेली. शेजारपाजारची मुलं त्याला ‘सांभाळून काका’ म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दावर संपे. आजही त्याने प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती आणल्या होत्या. फक्त खुणेची प्रत काढता येत नव्हती.

“तीळ चांगला मोठा आहे,” तो खिडकीशी जाऊन म्हणाला. “दोन धरा ना.”

“एक तीळ म्हणजे एक खूण,” कारकून म्हणाले.

“दंडावर लशीचा वण आहे.”

“तो सगळ्यांनाच असतो. सगळ्यांना असते ती खूण कसली?”

“मग ज्याच्या अंगावर खूणच नाही, त्याने शिकायचं नाही?”

“शिका की. फॉर्म भरून शिका.”

शेजारच्या टेबलावर एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या पायांवर नऊ वण निघाले होते आणि त्यांतले कोणते दोन लिहायचे यावरून मायलेकींचं वाजलं होतं. “सात शिल्लक आहेत, न्या एखादा,” ती आई मोकळेपणाने म्हणाली. बाप कसंनुसं हसला.

सिस्टर परत उठल्या. “केस बघू. लहानपणी डोकं आपटलेलं असतंच कुठेतरी.”

बाप मध्ये पडायला पुढे झाला. पण मुलगीच झटकन मागे सरकली. आईने सकाळी कान झाकून घट्ट घातलेली वेणी तिने दोन्ही हातांनी धरली.

“नको, सिस्टर. कोंडा झालाय खूप. अंगावर उडेल तुमच्या.”

सिस्टरांनी हात मागे घेतला. बापाने मनोमन त्या कोंड्याचे आभार मानले. आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

कारण दुसरी खूण होती. डाव्या कानामागे, केसांत, दोन टाक्यांची. आणि टाके घालणारा डॉक्टर सोडला तर ती फक्त त्याला ठाऊक होती.

मुलगी अकरा महिन्यांची होती. बायको कसल्याशा परीक्षेसाठी दिवसभर बाहेर गेली होती. त्या काळी तो मोठा हौशी बाप होता. पोरीला वर उडवायचा, झेलायचा, पोर खिदळायची. तिसऱ्यांदा उडवली तेव्हा कपाटाचं दार उघडं होतं, आणि ते त्यानेच उघडं टाकलं होतं. संध्याकाळी बायको घरी येऊन पाहते तर भर उन्हाळ्यात लेकीच्या डोक्याला लोकरीची कानटोपी. “वारा लागतोय तिला,” त्याने सांगितलं, आणि पुढचे पंधरा दिवस टोपी, तेल, आंघोळ, सगळं स्वतःच्या ताब्यात ठेवलं. “किती हो करता पोरीचं!” असं बायको म्हणाली होती, ते त्याला अजून टोचत होतं. त्या दिवशी हौशी बाप संपला आणि सांभाळून काका जन्माला आला. पण खरी शरम त्या लपवण्याचीही नव्हती. पुढे दूध उतू गेलं, किल्ली हरवली, की सतरा वर्षं तो बायकोलाच ऐकवत आला होता, “तुझं लक्षच नसतं.”

तो बाकाशी गेला, बाक दोनदा हलवून पाहिला आणि मुलीशेजारी बसला. ती फोनवर काहीतरी टाइप करत होती. गप्प राहिलं तर काय होईल? खोली जाईल, पोरगी घरी येईल, वर्षभर डोळ्यांसमोर राहील. सुरक्षित. या विचाराने त्याला क्षणभर बरंही वाटलं, आणि त्याच बरं वाटण्याची त्याला भीती वाटली.

पावणेएक झाला. डॉक्टरबाई बाहेर आल्या. “मी नसलेली खूण लिहू शकत नाही हो. शेवटचं विचारते, काही आठवतंय?”

मुलीने फोनकडे पाहिलं, मग बापाकडे.

“राहू द्या, बाबा,” ती हळूच म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू. घरी जाऊ.”

वळकटीवाली मुलगी उठून उभी राहिली.

“बसा खाली!” बाप तिच्यावर खेकसला. मग डॉक्टरबाईंकडे वळला, आणि लिफ्टचा दोर तुटल्याचा अहवाल द्यावा तशा आवाजात म्हणाला, “डाव्या कानामागे. दोन टाके. कपाटाचं दार. माझ्या हातून.”

डॉक्टरबाईंनी वेणी बाजूला केली, पट्टी लावून मोजलं आणि लिहिलं. शिक्का बसला. कारकुनांनी फॉर्म घेतला, आणि पाच मिनिटांत मुलीच्या हाती खोलीची किल्ली आली. सतरा वर्षं उराशी धरलेली गोष्ट कारकुनांच्या फायलीत शिरली आणि कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात तो थांबला.

“बाळा, चुकलं माझं. पण एक कर. आईला सांगू नकोस.”

मुलीने किल्ली मुठीत धरली.

“बाबा, मला आंघोळ कोण घालायचं?”

“मीच. पंधरा दिवस मीच घातली. टोपी एकदासुद्धा काढू दिली नाही.”

“आणि सोळाव्या दिवशी?”

बापाने बोटांवर काहीतरी मोजलं. मग मागे होता त्या बाकावर तो मटकन बसला. बाक चांगलाच डुगडुगला. हलवून बघायचं राहून गेलं होतं.

“म्हणून आई मला उंच पोनी बांधू देत नाही,” मुलगी म्हणाली. “तिथे तुमची नजर जाऊन तुम्हाला टोचू नये म्हणून. मला शपथ घातली होती.”

“सतरा वर्षं?” तो म्हणाला. “आणि मी तिला... दुधावरून...”

मुलीने फोन त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा वर केला, खाली केला. साडेअकराला तिने विचारलं होतं, ‘आई, दुसरी खूण मागतायत. कानामागची सांगू का?’ खाली उत्तर होतं, ‘तू गप्प बस. ते सांगतील.’

त्याखाली, साडेबारा वाजून गेल्यावर, ‘नाही सांगत गं ते. खोली जाईल माझी.’

आणि सगळ्यांत खाली, ‘सांगतील. मी ओळखते त्यांना.’