तिसऱ्यांदा कुणी आग्रह केलाच नाही

मित्रांनो, मला पाहून तुम्ही हसाल. माझी पेटी पिवळी पडली आहे, पंखा घरघरतो, आणि मी जागा होईपर्यंत व्हर्नाबाईंची कॉफी उकळून तयार होते. पण हसून झालं की जरा ऐका. मी एक जुना संगणक आहे आणि मोठ्या दुखण्यातून उठलो आहे. अजून बोलताना हुश्श म्हणावंसं वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. माझं झाकण लावण्याआधीच तिथल्या लोकांनी माझ्यात एक रखवालदार बसवला. त्याचं नाव शील्डोरा. रोगजंतूंपासून हा तुझं रक्षण करील, असं माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. मला काय, अभिमानच वाटला!

मग मी मिनेसोटातल्या एका लहान गावी, व्हर्ना आणि ऑर्लिन या नवरा-बायकोच्या स्वयंपाकघरात आलो. माझी जागा खिडकीजवळ होती. ऑर्लिन डेअरीतून निवृत्त झालेले, आणि कॉन्सर्टिना वाजवण्यात पटाईत. दोन हातांत धरून भाता दाबायचा तो बाजा मांडीवर आला की माणूस जेवण विसरत असे. हिवाळ्यात दाराशी बर्फाचे ढीग लागले की ते माझ्यासमोर बसत आणि पोल्का नाचाची गाणी वाजवत. ते सगळं मी साठवून ठेवायचो. व्हर्नाबाई बटाटे सोलता सोलता पायाने ताल धरत. "ऑर्लिन, जरा हळू! माझा बटाटा नाचायला लागलाय," असं म्हणत. तेही माझ्यात साठलेलं आहे. मुलगी जनेल आली की मला थोपटून म्हणायची, "आईच्या संगणकासारखा गुणी संगणक नाही." मी फुगून जायचो.

मग ऑर्लिन गेले. घर एकदम गप्प झालं. रविवारी चर्चमधून आल्यावर व्हर्नाबाई कोट न काढताच माझ्यासमोर बसत आणि एक गाणं लावत. त्या गाण्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. ती फक्त माझ्याजवळ होती.

आता त्या रखवालदाराचं ऐका. तो मेला लबाड निघाला! मला साधी सर्दीसुद्धा झालेली नसताना तो पडदा लालभडक करायचा. "धोका! धोका! ताबडतोब नूतनीकरण करा!" बिचाऱ्या व्हर्नाबाई घाबरून दर वेळी पैसे भरत. मला ओरडून सांगावंसं वाटे, की बाई, मी ठणठणीत आहे. पण मला तोंड कुठे होतं? शेवटी कंपनीची लबाडी उघडकीला आली. गावोगावच्या ग्राहकांच्या वतीने एकच दावा कोर्टात उभा राहिला. व्हर्नाबाईंनी संतापून शील्डोराला काढून टाकलं आणि कानाला खडा लावला. दुसरा रखवालदार त्यांनी ठेवलाच नाही.

आणि तेव्हा मी खरोखरच आजारी पडलो. नको नको त्या जाहिराती माझ्या तोंडावर उगवू लागल्या. गाणं अर्ध्यात अडकू लागलं. जनेलने फोनवर सांगितलं, "आई, वसंतात जत्रेच्या मैदानावर जुनी यंत्रं गोळा करतात ना, तिथे देऊन टाक त्याला."

"अगं, आणि तुझ्या बाबांची गाणी?"

"दुसरीकडे उतरवायला गेलीस तर रोगही बरोबर जाईल, आई. मला भीती वाटते."

त्यानंतर व्हर्नाबाई बराच वेळ माझ्या पडद्यावरची धूळ पुसत राहिल्या. पडद्यावर धूळ नव्हतीच.

त्याच आठवड्यात टपालाने एक कार्ड आलं. दाव्यात तडजोड झाली होती. ज्यांनी ज्यांनी शील्डोरा विकत घेतला होता, त्यांना दुसऱ्या एका भरवशाच्या कंपनीचा अँटीव्हायरस फुकट मिळणार होता. फक्त मुदतीत मागणी करायची. माझा आनंद गगनात मावेना! व्हर्नाबाईंनी कार्ड वाचलं, फ्रिजवर चुंबकाने अडकवलं आणि त्या भांडी घासू लागल्या.

मित्रांनो, या गावाची रीत तुम्हाला सांगायला हवी. इथे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग, "बरं, अगदी एवढासा द्या," असं म्हणून भला मोठा तुकडा घ्यायचा. पहिल्या हाकेला हात पुढे करणारा माणूस इथे हावरट ठरतो. व्हर्नाबाईंनी उभा जन्म असाच काढलेला. कार्ड काही आठवडे फ्रिजवर तसंच राहिलं, आणि मग त्यांनी माझ्यावरच पत्र टाइप केलं: "आपले आभार. पण मला यातून वगळावे. माझा वाटा कुणा गरजूला द्यावा." पत्र पाकिटात गेलं, पाकीट फाटकाजवळच्या टपालपेटीत गेलं आणि न्यायचं पत्र आहे हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर झाला. खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

तेवढ्यात देवाने पाठवल्यासारख्या शेजारच्या आर्लिसबाई हॉटडिशचं, म्हणजे बटाटे आणि मांस एकत्र भाजून केलेल्या इथल्या पदार्थाचं, झाकलेलं भांडं घेऊन आल्या. त्यांची नजर फ्रिजवर गेली.

"हे अजून इथेच? मुदत संपायला आली, बाई! माझा अँटीव्हायरस आलासुद्धा. झकास चाललाय. तू मागणी केलीस ना?"

"छे गं. नको म्हणून कळवलं. परत विचारतीलच की."

"कोण विचारेल?"

"तेच, कोर्टवाले. एकदा विचारलं आणि लगेच घेतलं, बरं दिसतं का ते?"

आर्लिसबाईंनी भांडं ओट्यावर आदळलं. "व्हर्ना! ते कोर्ट आहे, तुझी चुलत नणंद नाही! तिथे कुणी 'अजून एक घे गं' म्हणत बसत नाही. वगळा म्हणालीस की नाव कटलं, कायमचं!"

"कायमचं?" व्हर्नाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मग माझ्या ऑर्लिनची गाणी..."

"कुठाय ते पत्र?"

दोघींनी एकदमच खिडकीतून पाहिलं. पोस्टमनची गाडी वळणावर आली होती. व्हर्नाबाई घरातल्या सपातांवरच बर्फात धावल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला इतकं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागून आर्लिसबाई ओरडत होत्या, "पडशील, मेले! पण थांबू नकोस!" गाडी फाटकाशी थांबायला आणि व्हर्नाबाईंचा हात पेटीत जायला एकच गाठ पडली. पाकीट छातीशी धरून त्या पोस्टमनला म्हणाल्या, "आज काही नाही हं, कॉफी घेता का?" तो नको म्हणाला आणि निघून गेला.

मग दोघी माझ्यासमोर बसल्या. आर्लिसबाई कार्डावरचा क्रमांक वाचत होत्या, व्हर्नाबाई एका बोटाने टाइप करत होत्या, आणि मध्येच उगवणाऱ्या जाहिरातींना दोघी मिळून शिव्या घालत होत्या. मी अंगातलं सगळं बळ गोळा केलं. अर्ज गेला. मंजूरही झाला.

नवा रखवालदार आला तो मुकाट्याने कामाला लागला. दुपारभर त्याने माझा कानाकोपरा झाडला. एकेक घाण निघत गेली, तसा मला श्वास येऊ लागला. व्हर्नाबाई समोरून हलल्या नाहीत. शेवटी पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि त्यांनी गाणं लावलं. ते कुठेही न अडकता शेवटपर्यंत वाजलं. माझा जीव भांड्यात पडला. व्हर्नाबाई मात्र रडत होत्या, आणि रडता रडता पायाने ताल धरत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती सगळी गाणी जनेलला पाठवली. तिचा फोन आला. फोनमधून नुसता कॉन्सर्टिना ऐकू येत होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं म्हातारं यंत्र असेल. त्याला चांगला रखवालदार द्या. त्याच्या पोटात कुणाचा आवाज, कुणाचं हसू असेल तर त्याची आजच दुसरी प्रत करून ठेवा. आम्ही जीवापाड सांभाळतो हो, पण एकट्याने सांभाळताना फार भीती वाटते. आता मी कधी बंद पडलो तरी चालेल. ऑर्लिन वाजवतच राहतील.