धूर आत येतोय

थोरल्याचं एक वागणं आईच्या डोक्यात जायचं. घरात कढईतून जरा धूर निघाला की हा नाकाला रुमाल लावून सगळ्या खिडक्या धाडधाड उघडणार आणि वर ऐकवणार, "आई, माणसं राहतात इथे." जशी काही ती जन्मभर लोकांना धुरीच देत आली होती. स्वतः साहेब बांधकामावर पोकलेन चालवायचे. दिवसभर माती उकरायची, पण काचेच्या गार केबिनमध्ये बसून. त्या केबिनचं कौतुक आईनेच गल्लीभर केलेलं, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती.

दुसरा ताप म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो त्याच मशीनमागे झेंडी घेऊन उभा राहायचा. तीन महिने खोकून खोकून त्याच्या बरगड्या दुखत होत्या. छाती अशीच राहिली तर काम सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या वयात त्याला दुसरं काम कोण देणार? आईचं निदान मात्र ठरलेलं होतं : लपून विड्या ओढतो. रोज संध्याकाळी ती त्याला दारातच अडवायची.

"तोंड उघड."

"ताई, आठ वर्षं झाली सोडून."

"उघड म्हणते ना."

हुंगून काही सापडायचं नाही. मग तर तिचा संशय दुप्पट व्हायचा.

एका दुपारी भाऊ छातीत औषध ओढायचा पंप घरीच विसरला. तो घेऊन आई तरातरा बांधकामावर पोचली. जेवणाची सुट्टी होती, माणसं पांगली होती, पोकलेन मात्र घरघरतच होतं. थोरला केबिनमध्ये मांडीवर डबा घेऊन जेवत होता. त्या उघड्या मैदानात सावली काय ती मशीनच्या मागे, आणि तिथेच भाऊ बसला होता. डोक्यावर धुराची नळी. एक घास घ्यायचा, डब्यावर झाकण ठेवायचं, चावून झालं की झाकण काढायचं.

"हे काय नाटक?"

"काजळी पडते, ताई."

तिने झाकणावरून बोट फिरवलं. काळंकुट्ट. त्याच्या सदऱ्यालाही डिझेलचाच वास. ती तशीच वळली, पायरीवर चढली आणि केबिनचं दार उघडलं.

"आई, तू? काय ते बोल आणि दार लाव. धूर आत येतोय."

आईने दार सताड उघडंच धरलं.

"हे बंद का करत नाहीस?"

"एसी बंद पडतो. पुन्हा चालू करताना बॅटरी कुरकुरते. सगळेच चालू ठेवतात."

"आणि एवढा काळा धूर?"

"नळीत काजळी अडवायची जाळी असते, ती सारखी तुंबते. काढून ठेवलीय."

"खाली उतर."

"जेवतोय मी."

"डब्यासकट उतर."

चाळिशीचा गडी डब्यासकट उतरला. आईने त्याला मामाच्या जागेवर बसवलं. दोन घास गेले, तिसऱ्याला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

मामाने बाटली पुढे केली. "घे रे, पाणी पी. मला सवय झालीय."

थोरल्याने बाटली घेतली नाही. उठला, वर चढला आणि चावी फिरवली. मशीन गप्प झालं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या सुट्टीत मामाचा श्वास ऐकू आला. शिट्टी वाजावी तसा.

उघड्यावरचा धूर वाऱ्यावर जातो, असं आपण सगळेच समजतो. तो जातो आपल्या काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत. मशीन बंद करायला एक बोट पुरतं, पण ते बोट उचलायचं आपल्याला सुचत नाही.

आईने पंप भावाच्या हातात दिला. 'चुकले' म्हणायची तिला सवय नव्हती. "उद्यापासून दारात तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली.

"मग जेवायचं कसं, ताई?"

ती हसली नाही. खाली उतरलेल्या थोरल्याकडे वळली.

"जेवणाची सुट्टी झाली की चावी मामाच्या खिशात. जाळी परत बसव. मालक कुरकुरला तर माझ्याकडे पाठव. घरात तुला उघडायला चार खिडक्या आहेत. इथे याने कुठली उघडायची?"