वैध नंबर, वैद्याचा नंबर

सकाळी अकराच्या सुमारास कळव्याच्या मनुबाईंनी आपला मोबाइल नंबर माझ्यात लिहिला. नंबर खरा होता. मी तो नाकारला.

मित्रांनो, मी ठाण्यातल्या डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या वेबसाइटवरची जुनी चौकट आहे. पेशंटनं माझ्यात नंबर लिहायचा. ऑपरेशनची तारीख त्याच नंबरवर जाते. घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात प्राप्तीनं मला घडवलं. दहा अंक दिसले की हिरवी खूण दाखवायची, नाहीतर लाल अक्षरांत म्हणायचं, ‘वैध क्रमांक टाका.’ तिचे साहेब केतन खूश झाले. “हिच्यातून कचरा आत येत नाही,” असं ते म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला!

मनुबाई मासळी विकतात. मोतीबिंदूमुळे मासे कापताना कोयता बोटाला लागतो. त्या दिवशीही स्क्रीनला टेकलेल्या बोटावर पट्टी होती. त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी. त्यांनी ९ लिहिला. मला फक्त इंग्रजी 9 ओळखता येत होता. मी लाल झाले. त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा लाल. दोन्ही नऊच, मग एक चुकीचा कसा? हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. धूसर नजरेला ‘वैध’चं ‘वैद्य’ दिसलं.

“अगो भाविका, ह्याला वैद्याचा नंबर पायजे!”

“मग द्या ना, आई,” सून स्वयंपाकघरातून म्हणाली. “आपल्या डॉक्टरांचा सेव्ह आहे, तोच कॉपी करा.”

“डोले माझे नि नंबर वैद्याचा? त्याला इचारत असतील, बाई खरीच आंधली हाय का!”

त्यांनी तोच कॉपी करून माझ्यात टाकला. सेव्ह केलेला नंबर इंग्रजी आकड्यांत होता. मी झटकन हिरवी खूण दाखवली.

तारीख ठरली आणि मेसेज गेला कळव्याच्या डॉक्टर विनीत यांना. ‘मनुबाई, उद्या ऑपरेशनला उपाशीपोटी या.’ त्यांनी तो वाचला तेव्हा तारीख उलटून गेली होती. त्यांनी दवाखान्याला फोन केला. “अहो, माझे डोळे ठणठणीत आहेत. पण मनुबाई माझ्या पेशंट आहेत, त्यांचं काय झालं?”

विचारपूस करता करता सगळा घोळ उघड झाला. तक्रार प्राप्तीपर्यंत पोहोचली.

“लोकांना साधा नंबर लिहिता येत नाही!” केतन वैतागले.

“सर, त्यांनी बरोबर लिहिला होता. आपल्या चौकटीला वाचता आला नाही.”

तिनं मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे शिकवले. आता अंक कमी पडला तर मी तसं सांगते. शेवटी विचारतेही, ‘ऑपरेशनची तारीख या नंबरवर येईल. हा तुमचाच आहे ना?’

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी चौकट घडवेल. तिला ‘नाही’ म्हणायला शिकवाल, तेव्हा का नाही आणि आता काय करायचं, हेही सांगायला शिकवा.

काल मनुबाईंनी पुन्हा नंबर लिहिला, मराठीतच. हिरवी खूण आली. त्यांच्या बोटावर नवी पट्टी होती. त्यांची जागा दुसऱ्या पेशंटला गेली असून त्यांचं नाव आता प्रतीक्षेत आहे. आज संध्याकाळपर्यंत त्यांच्या नंबरवर तारीख गेलेली नाही.