दुसऱ्याच्या नावावरची गाडी

पुरनलालच्या अंगणात उभी असलेली चाकाची एकही वस्तू त्याच्या नावावर नव्हती. ट्रॅक्टर आमगावच्या एका माणसाच्या नावावर होता. तो माणूस वारला, त्याची तेरवी झाली, तरी ट्रॅक्टर त्याच्याच नावाने धानाच्या बांधीत चालत राहिला. बिरसीच्या आसपास हीच रीत होती. सौदा झाला, सह्यांचे कागद पेटीत पडले, चहा झाला की वस्तू आपली. नाव बदलायला आरटीओत खेटे कोण घालणार?

म्हणून केवलरामने एका परदेशी गाडीच्या बाबतीत तेच सांगितलं तेव्हा पुरनलालला काही वावगं वाटलं नाही. केवलराम सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला जुने ट्रॅक्टर विकायचा. आमगावचा ट्रॅक्टरही त्यानेच आणून दिला होता. गाडी सिंगापूरहून आलेली, नागपूरच्या कुणा गृहस्थाची. बाहेरून आणलेली गाडी दोन वर्षं विकता येत नाही, असा सरकारी नियम आहे, तेव्हा तोवर मूळ मालकाचंच नाव राहू द्या, असं केवलरामने स्पष्ट सांगितलं. जे ऐकून उठून जायला हवं होतं, तेच ऐकून पुरनलालचा विश्वास बसला. माणूस काही लपवत नाही, असं त्याला वाटलं.

शिवाय त्याचा जीव अडकला होता तो सीटमध्ये. त्याच्या बायकोच्या, रामबाईच्या मणक्याचं ऑपरेशन नागपूरला झालं होतं आणि दर महिन्याला तपासणीला बोलावलं होतं. बसमध्ये ती तुमसरपर्यंतही टिकायची नाही. रेल्वेत बाकावर आडवं व्हायला मिळालं तर मिळालं. भाड्याच्या जीपमधून एकदा नेलं, तर परतल्यावर आठ दिवस ती कुशीवर वळली नव्हती. या गाडीची पुढची सीट मागे लोटली की खाटेसारखी व्हायची. तिथेच हायवेच्या कडेला रामबाई तिच्यावर टेकली, डोळे मिटले आणि उतरायलाच तयार होईना. सौदा तिथेच झाला.

गाडीत खोट नव्हती. महिन्यामागून महिने पुरनलाल रामबाईला नागपूरला न्यायचा आणि संध्याकाळी आणायचा. उतरल्यावर ती स्वतःच्या पायांनी चालत घरात जायची. एकदा मात्र बैलाच्या शिंगाने बाजूचा आरसा फुटला आणि तसा आरसा गोंदियात नाही, नागपुरात नाही, रायपुरातही नाही असं कळलं. शेवटी कुडव्याच्या मिस्त्रीने स्कूटरचा आरसा तारेने बांधून दिला.

"हत्तीले बकरीचा कान लावला गा, पाटील," शेजारचा बकाराम म्हणाला. पुरनलालही हसला होता.

पावसाळा सरताना फोन आला. बोलणारा सीमाशुल्क खात्याचा अधिकारी होता. त्याने सावकाश, समजावून सांगितलं. नागपूरच्या त्या गृहस्थाने परदेशातून परतणाऱ्या साध्या माणसांच्या नावांवर कितीतरी गाड्या आणल्या होत्या, सवलतीचा कर भरला होता आणि लगेच विकल्या होत्या. पुरनलालच्या गाडीच्या कागदांवर ज्याचं नाव होतं, तो सिंगापूरला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. गाडी आठवड्याच्या आत नागपूरला आणून द्या, नाहीतर आम्ही उचलायला येऊ. उरलेला कर आणि दंड भरून ती सोडवता येते, असंही तो म्हणाला आणि आकडा सांगितला. पुरनलालने तो पुन्हा विचारला नाही.

मग त्याने केवलरामला फोन लावला. केवलरामही वैतागलेला होता. त्यालाही तसाच फोन आला होता.

"गाडी धानाच्या तनसीच्या ढिगात घाला," तो म्हणाला. "नाई तर बालाघाटले साळ्याकडे धाडा. तिकडे मध्य प्रदेश हाय, कोन येते पाहाले?"

"लपवलेल्या गाडीत बसून दवाखान्यात कसा जाऊ गा?" पुरनलालने विचारलं.

पुरनलालने फोन ठेवला आणि तिथेच पडवीत बसून राहिला. वर बिरसीच्या धावपट्टीवरच्या शिकाऊ वैमानिकांचं विमान घिरट्या घालत होतं. त्याला राग यायला हवा होता, पण आला तो नुसता थकवा.

तपासणीची तारीख त्याच आठवड्यात पडत होती. ठरल्या दिवशी त्याने गाडी धुतली, रामबाईला बसवलं आणि नेहमीसारखा निघाला. साकोली गेली, लाखनी गेली, भंडाऱ्याचा पूल गेला. फोनचं त्याने तिला अजून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, मणका नीट भरून येतोय म्हणाले, पुढच्या महिन्यात या म्हणाले. दवाखान्याबाहेर, गाडी सुरू करण्याआधी, त्याने एका दमात सगळं सांगितलं.

रामबाईने डोळे उघडले नाहीत. "मले मालूम हाय. तुमी फोनवर बोलून राहिले होते, तवा मी जागीच होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"आजची तपासनी होऊ द्यावाची होती."

सीमाशुल्क कार्यालयाच्या आवारात ताडपत्री टाकलेल्या आणखी काही गाड्या उभ्या होत्या. अधिकारी फोनवर बोलायचा तसाच होता, मऊ. पंचनामा होईस्तोवर बाईंना गाडीतच बसू द्या, असं त्याने शिपायाला बजावलं. पुरनलालने दाखवतील तिथे सह्या केल्या. चावी टेबलावर ठेवली, पण बोटं तिच्यावरून उचलली नाहीत.

"साहेब, गाडी ठेवा. फक्त पुढची सीट काढून देता का? जीपमध्ये बसवून घेईन."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. खिडकीतून बाहेर, सीटवर पाठ टेकून पडलेल्या बाईकडे पाहिलं.

"काका, जप्त होते ती अख्खी गाडी. त्यातला एक नट जरी दिला तरी उद्या मलाच उत्तर द्यावं लागेल."

पुरनलालने मान हलवली आणि चावीवरून हात काढला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये भंडारा रोडपर्यंत बाक रिकामं होतं, तोवर रामबाई आडवी होती. तिथे बाजारची माणसं चढली. ती न सांगता उठून बसली आणि खिडकीचा गज धरला. पुरनलाल उभा राहिला. बाकाची पाठ आणि तिची कंबर यांच्या मधल्या फटीत त्याने आपला हात घातला. गाडी हलली की फळीचा दणका त्याच्या मनगटावर बसायचा.

"काढा तो हात, दुखन," तुमसरला ती म्हणाली.

"टेक तू."

ती टेकली. तिरोड्याला त्याने हात बदलला. पुढच्या महिन्यातही तपासणीला असंच जायचं होतं.